खिळाकाकूंचा पोतंभर पुरावा

काकूंच्या एप्रनच्या उजव्या खिशात कायम एक खिळा असायचा. चांगला चार बोटं लांब, टोक घासून घासून चकचकीत झालेला. म्हणून त्या खिळाकाकू. हे नाव तोंडावर घ्यायची हिंमत फक्त त्यांच्या जाऊबाईंची. बाकीचे पाठीमागे म्हणायचे, आणि ते काकूंना पक्कं ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं. पण तसं कबूल केलं तर त्या काकू कसल्या!

लांबट पत्र्याच्या शेडमध्ये चार यंत्रं, आणि चारही यंत्रांतून दिवसभर टपटप झाकणं पडत असायची. औषधाच्या बाटल्यांची. कुणाच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण कितीही झटापट केली तरी उघडत नसेल, तर त्याने काकूंच्या नावाने बोटं मोडायला हरकत नाही. एक नंबरचं यंत्र त्यांच्याकडे होतं, नऊ वर्षांपासून.

त्या यंत्राचं काम सांगायला सोपं. वरून प्लॅस्टिकचे दाणे पडतात, तापलेल्या नळीत वितळतात, साच्यात दाबले जातात, झाकण तयार. सगळा खेळ त्या नळीच्या तापण्याचा. आणि घोडं अडायचं ते लाइटीपाशी. लाइट जायची म्हणजे तासभर नव्हे. तशी गेली तर निदान चहा तरी होतो. ही नुसती डोळा मारायची. दिवा मिणमिणला, पुन्हा लागला, बघणाऱ्याला वाटावं आपल्याच पापण्या लवल्या. पण यंत्र जुनं, भित्रं. एकदा दचकून थांबलं की सगळं पहिल्यापासून जुळवायला पाऊण तास. तोवर नळीतला माल करपायचा. तो बाहेर काढून टाकला नाही तर पुढची शे-दोनशे झाकणं पिवळी. हा बाहेर काढलेला करपट गोळा कणकेच्या उंड्यासारखा मऊ आणि गरम असतो, आणि पाच मिनिटांत दगड होतो. तो कुणाच्याही उपयोगाचा नाही.

नऊ वर्षांपूर्वी काकू नव्या होत्या. कामाला लागून तिसरा महिना. असाच एक गोळा त्यांच्या यंत्रापाशी पडलेला मालकांनी पाहिला आणि सगळ्यांसमोर आवाज चढवला, "डोळे मिटून काम करता का?"

"लाइट गेली होती," काकू म्हणाल्या.

"कधी? मी ऑफिसात बसलोय. दिवे तर चालू आहेत."

मालक तसे वाईट नव्हते. फक्त त्यांना दिव्याच्या मिणमिणण्याची सवय झाली होती. पण काकूंचा स्वभाव असा की एकवेळ उपाशी ठेवा, खोटारडी म्हणू नका. संतापाने त्यांचे कान लाल झाले. पुढच्या वेळी लाइटीने डोळा मारला तेव्हा त्यांनी गरम गोळा लोखंडी पट्टीने दाबून तळहाताएवढा चपटा केला, शेजारच्या खोक्यातला खिळा उपसला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्यावर तारीख-वेळ कोरली. खाली लिहिलं, 'मी नाही, लाइट'. आणि नेऊन मालकांच्या टेबलावर ठेवला.

मालक हसले. गोळा कचऱ्याच्या टोपलीत गेला. दुपारी काकूंनी तो टोपलीतून काढून आणला.

तेव्हापासून जो गोळा निघेल त्यावर तारीख आणि वेळ. 'मी नाही' लिहायचं त्यांनी सोडलं, कारण ते आता सगळ्यांना पाठ झालं होतं. गोळे आधी यंत्रामागे, मग भंगाराच्या खोलीत, मग घरच्या माळ्यावर जमत गेले. घर म्हणजे दोन खोल्या, दोन भावांचे दोन संसार आणि एक चूल. जाऊबाई दुसऱ्या पाळीला त्याच कारखान्यात. त्या माळ्याकडे बघून रोज म्हणायच्या, "ताई, एक दिवस हा माळा आपल्या डोक्यात येणार, आणि त्यावरही तुम्ही वेळ कोरणार."

आता त्या भिंतीवरच्या घड्याळाबद्दल. ते अकरा मिनिटं पुढे होतं. माणसं वेळेवर यावीत म्हणून मालकांनीच ते पुढे केलेलं, आणि ही मोठी गुप्त युक्ती आहे अशी त्यांची समजूत. पहिला आठवडा सगळे धावत आले. मग सगळ्यांना कळलं, आणि सगळे त्या घड्याळाप्रमाणे बरोबर अकरा मिनिटं उशिरा येऊ लागले. मालकांना हे कळलं नाही. कुणी कळू दिलंही नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना नवा नियम आला. वीज वाया घालवायची नाही. नियम चांगलाच होता, उगाच कशाला नावं ठेवा. प्रत्येक कारखान्यात तपासनीस येणार, दोन दिवस बसणार, किलोभर चांगल्या मालामागे किती वीज खर्च झाली ते मोजणार. आकडा मर्यादेबाहेर गेला की त्या कारखान्याचा वीजपुरवठा निम्मा. काकूंच्या शेडमध्ये तपासनीस आले, दोन दिवस बसले आणि त्या दोन दिवसांत लाइटीने सात वेळा डोळा मारला. सात वेळा यंत्रं थांबली, सात वेळा पहिल्यापासून तापली. वीज भरमसाट गेली आणि झाकणं पडली मूठभर. तपासनिसांनी कागद भरला आणि शिक्का मारला: नापास.

पुरवठा निम्मा म्हणजे एकाच पाळीपुरती वीज, आणि दुसरी पाळी संपली. दुसऱ्या पाळीत सहा बायका. त्यात जाऊबाई. दीर पाठदुखीने वर्षभर घरी बसलेले, त्यांचा संसार जाऊबाईंच्या पगारावर चालत होता. ज्या दिवशी नोटीस लागली त्या दिवशी जाऊबाईंनी एकही विनोद केला नाही. काकूंना नोटिशीपेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटली.

त्या भागात असे चाळीस छोटे कारखाने. त्यांची एक संघटना, आणि संघटनेचे अध्यक्ष नटबोल्टचे कारखानदार. माणूस धडपड्या, फक्त बोलायला लागला की थांबत नसे. वीज नियामक आयोगासमोर सुनावणी लागली तेव्हा त्यांनी तीन मागण्या मांडायचं ठरवलं: वीज स्थिर द्या, परवडेल अशा दरात द्या, आणि आमची परीक्षा घ्यायची तर वीज धड असताना घ्या. शिवाय खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून प्रत्येक कारखान्यातून दोन माणसं आणायला सांगितलं. मालकांनी काकूंना आणि जाऊबाईंना नेलं. सकाळी गाडीपाशी काकू पोतं घेऊन उभ्या.

"काकू, हे भंगार कुठे घेऊन चाललात?"

"गेल्या वर्षाचंच घेतलंय," काकू म्हणाल्या. "एकशे सदतीस आहेत."

मालकांनी कपाळावर हात मारला, पण पोतं डिकीत गेलं.

सुनावणीची खोली मोठी, गार आणि इतकी शांत की कुणी शिंकलं तरी माफी मागावी. समोर उंच टेबलामागे आयोगाच्या प्रमुख बाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पेन्सिल. उजवीकडे वीज कंपनीचे इंजिनिअर, समोर लॅपटॉप. अध्यक्षांनी पंचवीस मिनिटं तक्ते दाखवले. मग इंजिनिअर उठले आणि एका वाक्यात सगळं धुऊन टाकलं.

"मॅडम, गेल्या वर्षात या भागाचा पुरवठा जवळपास शंभर टक्के होता. नियमाप्रमाणे पाच मिनिटांहून जास्त वेळ वीज गेली तरच ती गेली असं धरतात. तशी ती फक्त नऊदा गेली. हे लोक स्वतः वीज उधळतात आणि खापर आमच्यावर फोडतात."

"यावर तुमचं काही म्हणणं?" प्रमुख बाईंनी अध्यक्षांना विचारलं.

अध्यक्षांनी तक्ते उलटसुलट केले. त्यांचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना शब्द सुचेना. काकूंनी बाजूला पाहिलं. जाऊबाई दोन्ही हातांनी खुर्चीची कड घट्ट धरून बसल्या होत्या.

काकू उठल्या. आपण उठलोय हे त्यांना उठल्यावर कळलं.

"बाई, माझं आहे म्हणणं. माझ्याकडे मोजदाद आहे."

"कागद द्या."

"कागद नाही. पोतं आहे."

खोलीत हशा पिकला. मालकांनी डोळे मिटून घेतले. पण प्रमुख बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिलीने टेबलाकडे खूण केली. काकू आणि जाऊबाईंनी पोतं उचललं आणि टेबलावर रिकामं केलं. असा खडखडाट झाला की बाहेरचा शिपाई दार उघडून बघून गेला. एकशे सदतीस करपट चकत्या, कागदांवर, माइकवर, पाण्याच्या ग्लासाभोवती. प्रमुख बाईंनी एक उचलली, चष्म्यापाशी धरली आणि वाचली, "चौदा जून. सकाळी दहा सत्तावीस."

"लाइटीने डोळा मारला की यंत्र थांबतं आणि हा गोळा निघतो," काकू म्हणाल्या. "एकदा डोळा, एक गोळा. गरम असतानाच वेळ कोरते. थंड झाल्यावर कोरताच येत नाही, बघा प्रयत्न करून."

"मॅडम, भिंतीवरचं घड्याळ बघून कुणीही काहीही कोरेल!" इंजिनिअर म्हणाले. "आमच्या उपकेंद्रातलं मशीन प्रत्येक झटका आपोआप टिपतं. सेकंदाचाही फरक नाही. मी आत्ता दाखवतो, यात काही तथ्य नाही." आणि मोठ्या उत्साहाने त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. "चौदा जून, दहा सत्तावीस. नाही! काही नाही. दुसरा सांगा."

"एकोणीस जुलै, अकरा वाजून पाच," प्रमुख बाईंनी वाचलं.

"नाही!"

"बावीस ऑगस्ट. बारा बेचाळीस."

"नाही! बघा मॅडम, एकही जुळत नाही."

काकूंनी टेबलावरच्या चकत्यांकडे पाहिलं. नऊ वर्षं. नऊ वर्षं जे कोरलं ते खोटं? मागून कुणीतरी 'बसा खाली' म्हणालं. मालक मान खाली घालून बुटांकडे बघत होते. अगदी त्याच दिवसासारखं झालं. सगळ्यांसमोर, आणि पुन्हा खोटारडी.

इंजिनिअरांना मात्र आता चेव चढला होता. जिंकणाऱ्या माणसाने गप्प बसावं, पण ते थोडंच कुणाला जमतं! "आता चौदाला झटका होता, नाही असं नाही," ते म्हणाले, "पण तो दहा सोळाला. एकोणीसला होता, तो दहा चोपन्नला. यांनी नुसत्या अंदाजाने ठोकून दिलंय!"

काकूंनी मान वर केली. सोळा आणि सत्तावीस. चोपन्न आणि पाच. ओठ हलले, बोटं हलली.

"साहेब, बावीस तारखेला किती वाजता?"

"बारा एकतीस. तुम्ही लिहिलंय बेचाळीस."

आणि काकू हसल्या. त्या गार, शांत खोलीत खदखदून हसल्या. आपल्या खुर्चीवर परतलेल्या जाऊबाईंना त्यांच्याआधी अर्धा क्षण उमगलं होतं, त्या तर उभ्याच राहिल्या. "अगंबाई, मालकांचं घड्याळ!"

"घड्याळ अकरा मिनिटं पुढे आहे!" काकू म्हणाल्या. "आम्ही वेळेवर यावं म्हणून मालकांनी ठेवलंय. सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून आम्ही मनातल्या मनात वजा करतो. कोरताना मात्र घड्याळात दिसेल तेच कोरलं. बाई, सगळ्यांतून अकरा काढा!"

"सगळ्यांना ठाऊक आहे?" मालक पुटपुटले. त्यांच्याकडे लक्ष द्यायला कुणालाच वेळ नव्हता.

"सात मार्च," प्रमुख बाई म्हणाल्या. "सकाळी नऊ एक्कावन्न. वजा अकरा."

इंजिनिअरांनी बोट फिरवलं. बोट थांबलं. "नऊ चाळीस. आहे."

"दोन एप्रिल. बारा वाजून नऊ."

"अकरा अठ्ठावन्न. आहे."

मग सुनावणी राहिली नाही, खेळच झाला. प्रमुख बाई वाचत होत्या, अध्यक्ष मोठ्याने वजाबाकी करत होते, आणि इंजिनिअर प्रत्येक वेळी आणखी हळू आवाजात 'आहे' म्हणत होते. चाळीस कारखान्यांची माणसं प्रत्येक 'आहे'ला खुर्चीवरून उठत होती. जाऊबाई तर टाळ्याच वाजवत होत्या. शिपाई आता आतच येऊन उभा राहिला होता. शेवटी काकूंनी ढिगाखालून वेगळी बांधलेली पुरचुंडी काढली. परीक्षेच्या दोन दिवसांचे सात गोळे. सातही जुळले.

प्रमुख बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे हे सगळे झटके तुमच्याकडे नोंदलेले आहेत. आणि तुमच्या अहवालात एकही नाही."

"मॅडम, पाच मिनिटांचा नियम..."

"नियम मला ठाऊक आहे. नोंद तुमच्याकडे होती, आणि ती लोकांना प्लॅस्टिकवर खिळ्याने कोरावी लागली." मग त्या काकूंकडे वळल्या. "पण तुम्हीही मला खरं सांगा. वीज धड असती तर तुमचा कारखाना पास झाला असता?"

अध्यक्ष जोरजोरात मान डोलावून 'हो म्हणा' असं सुचवत होते. काकूंनी मालकांकडे पाहिलं, जाऊबाईंकडे पाहिलं. पण नऊ वर्षं खरं कोरायचं आणि आज खोटं बोलायचं, हे त्यांच्याने होईना.

"काठावर," त्या म्हणाल्या. "आमच्या नळ्या उघड्या आहेत. वरून वेष्टण नाही, अर्धी उष्णता आमच्याच तोंडावर येते. वेष्टण घातलं तर वीज वाचेल. हे आमचंच चुकतंय."

मालक उठून उभे राहिले. "महिनाभरात घालतो, मॅडम. चारही यंत्रांना."

निकाल तिथेच वाचला गेला. महिन्याने नवी परीक्षा, तोवर पुरवठा पूर्ण. परीक्षेच्या काळातला प्रत्येक झटका तपासनिसाने नोंदायचा आणि तेवढी वीज हिशोबातून वगळायची. वीज कंपनीने यापुढे क्षणाचाही झटका अहवालात दाखवायचा. दराची मागणी पुढच्या सुनावणीत. "आणि," प्रमुख बाई पहिल्यांदाच हसून म्हणाल्या, "ते घड्याळ नीट करा."

मालकांनी दुसऱ्याच दिवशी स्टुलावर चढून घड्याळ नीट केलं. त्याच्या पुढच्या दिवशी सगळी पहिली पाळी अकरा मिनिटं उशिरा आली.

महिन्याने तपासनीस आले. तेच, त्याच कागदांच्या पेटीसह. नळ्यांवर आता जाड रुपेरी वेष्टणं होती, आणि शेडमध्ये इतकं गार वाटत होतं की काकूंना सुरुवातीला यंत्र बंद आहे की काय असं वाटायचं. पहिला दिवस निर्विघ्न गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, परीक्षा संपायला तासभर उरला होता. दुसऱ्या पाळीच्या बायका लवकर येऊन दारापाशी उभ्या, जाऊबाई सगळ्यांत पुढे, नखं खात. आणि लाइटीने डोळा मारला.

यंत्रं थांबली. काकूंचे हात मात्र थांबले नाहीत. बटणं दाबली, नळी मोकळी केली, गोळा पट्टीवर घेतला, दाबला आणि खिशातून खिळा काढला.

तपासनीस वही उघडून पुढे आले होते. त्यांच्या मनगटावर चांगलं महागाचं घड्याळ होतं. ते त्याच्याकडे बघतील म्हणून सगळे वाट पाहत राहिले. त्यांनी पेन उघडलं आणि मान वर केली.

"काकू, किती वाजले?"

काकूंनी भिंतीकडे पाहिलं, मग मालकांकडे. मालक ऑफिसच्या दारात उभे होते.

"काकू सांगतील ती वेळ लिहा, साहेब," मालक सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "त्यांची वेळ कधीच चुकली नव्हती. मीच घड्याळ चुकीचं ठेवलं होतं."

"बारा वाजून चाळीस मिनिटं," काकू म्हणाल्या.

तपासनिसांनी ते लिहिलं. काकूंनी ते कोरलं. एक झटका, एक गोळा, आणि पहिल्यांदाच सरकारी वहीतही एक ओळ. पाऊण तासाने यंत्रं पुन्हा सुरू झाली, झाकणं टपटप पडू लागली. परीक्षेची वेळ संपल्यावर तपासनिसांनी तिथल्या तिथे बेरीज केली, ती दोनदा तपासली आणि शिक्का मारला. पास. काठावर नव्हे, चांगल्या फरकाने.

जाऊबाईंनी काकूंना अशी मिठी मारली की दोघी यंत्रावर आदळता आदळता वाचल्या. "ताई, माळ्यावरचे आता फेकायचे ना?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"एकही नाही," काकू म्हणाल्या. "अजून दरांची सुनावणी आहे."

दोनचा भोंगा झाला. सहा बायकांनी एप्रन चढवले आणि त्या आपापल्या जागी गेल्या. काकूंनी आपला खिळा जाऊबाईंच्या खिशात टाकला आणि त्या घरी जायला निघाल्या.